तव्याचा रकाना

आईला शेवटचे चार महिने भाकरी चावता आली नाही. तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नव्हतं. बाप सोनगीरच्या पुढे हायवेवर खडी फोडायचा, आई त्याच्यासोबत जायची. तिचं जाणं थांबलं आणि घर अर्ध्या मजुरीवर आलं. मी भाकरी डाळीच्या पाण्यात कुस्करून तिला भरवायचो. "काही नही व्हयनं भाऊ, उष्णता शे," ती मला म्हणायची. कुणी तुरटी सांगितली, कुणी हळद. डॉक्टरकडे नेलं तेव्हा गालाला भोक पडायला आलं होतं. त्यानं दारातूनच सांगितलं, मुंबईला न्या. मुंबईला काय चालत न्यायचं? मी तेव्हा अकरावीत होतो. आई गेली, पण घरात कुणी कॅन्सर म्हटलं नाही. मिसरीचं नाव तर काढलंच नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि ती भुकटी दाताहिरड्यांना चोळायची. आमच्या बायांना तो विटाळही वाटत नाही आणि व्यसनही वाटत नाही. दात घासणं म्हणतात त्याला. दिवसातून पाच वेळा दात घासणं.

पुढे मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला, वस्तीतला पहिला. हे मी कुठेही सांगतो, इथेही सांगतो.

नव्वदच्या आसपास धुळ्याच्या एका दवाखान्यात तात्पुरत्या कारकुनाची जागा निघाली. तिथल्या एक डॉक्टरबाई जीप घेऊन गावोगाव फिरायच्या आणि लोकांची तोंडं तपासायच्या. मी कार्डं भरायची. नाव, वय, गाव, सवय, तोंडात काय दिसलं. बाई पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुझं. डोकं चांगलं आहे का ते कळेलच."

डोकं चांगलं नव्हतं. महिनाभर नरडाण्याकडची गावं केली आणि तरुण सुनांच्या कार्डावर सवयीपुढे मी 'नाही' लिहीत गेलो. विचारलं की पदर तोंडावर घेऊन त्या मान हलवायच्या, मी लिहायचो. बाईंनी तो गठ्ठा चाळला आणि माझ्यापुढे आपटला.

"सासू शेजारी उभी असताना सून हो म्हणेल? तू याच मुलखातला ना?"

"मग कसं विचारू बाई?"

"तोंडाला विचारूच नको. तवा माग."

मला लाज वाटली. आमच्याकडे भाकरीचा तवा वेगळा आणि मिसरीचा वेगळा. मिसरीचा तवा फुटका, चुलीमागे उभा केलेला. आमच्या घरातही होता. मला हे ठाऊक होतं आणि सुचलं मात्र बाईंना. त्यांनी कार्डावर पट्टीनं एक नवा रकाना आखला: तवा. आहे का, कोण भाजतं, किती जणींना पुरतं. मग गंमत सुरू झाली. सासू मिरवत तवा आणायची, "हाऊ देखा, भाजस सून, पन लावतस आम्ही बठ्ठ्या!" सगळ्याच लावतात हे असं उघड झालं की सून हसून पदर सोडायची. बाई लगेच टॉर्च गालाच्या आत धरायच्या. तिथे पांढरा चट्टा असायचा, कॅन्सरच्या आधीचा.

एकदा बघून त्या थांबल्या नाहीत. पार जळगावकडे पहूरपर्यंत गावं होती आणि दर वर्षी तीच तोंडं पुन्हा. जिनं मिसरी सोडली तिचा चट्टा फिका पडताना मी पाहिला. जिनं सोडली नाही तिचा लाल होताना, घट्ट होतानाही पाहिला. हे पुस्तकांत असेल, पण आमच्या बायांच्या तोंडात टॉर्च धरायला त्याआधी कुणी आलं नव्हतं. माझ्या आईच्या तोंडात तर नाहीच.

एका दौऱ्यानंतर बाईंना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या.

जळगावला शोकसभा झाली. एक वक्ता म्हणाला, बाई मायेचा सागर होत्या. दुसरा म्हणाला, त्यांच्या हातची शेवभाजी ज्यानं खाल्ली नाही तो दुर्दैवी. शेवभाजी! पुरुष डॉक्टर मेला असता तर त्याच्या फोडणीवर बोलला असता का कुणी? त्या चट्ट्यांबद्दल, त्या कार्डांबद्दल एक शब्द नाही. अध्यक्षांनी भाषणाआधी गालातली तंबाखू खिडकीतून थुंकली. उठून बोलावंसं वाटलं, पण मी तात्पुरता कारकून. गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही आहे.

खरा घाव पुढे बसला. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी बाईंच्या कार्डांवरून अहवाल केला आणि तो टायपिंग तपासायला माझ्याकडे आला. वर नाव साहेबांचं एकट्याचं. बाई शेवटच्या पानावर, आभारांत, जीपच्या ड्रायव्हरनंतर. आणि तव्याचा रकाना गाळलेला. त्यामुळे माझे पहिल्या महिन्यातले ते खोटे 'नाही' खरे ठरले होते. तरुण बायांत सवय फारशी नाही, असं छापून येणार होतं. मग त्यांची तोंडं कोण बघणार होतं?

मी केबिनमध्ये गेलो.

"तवा हा काय शास्त्रीय शब्द आहे?" साहेब हसले. "आणि मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय रे?"

"साहेब, तुम्ही एकही गाव पाहिलेलं नाही."

"तू कारकून आहेस."

"मी बी.एस्सी. आहे. बेरीज मलाही येते. ही खोटी आहे."

नोकरी जाणार हे कळलंच होतं. मग घाबरायचं कशाला? दुसऱ्या दिवशी सोनगीरच्या तीन बाया एसटीनं धुळ्याला आणल्या. त्यांच्यातली थोरली, सगळे तिला अक्का म्हणायचे, फुटका तवा पिशवीत घालून घेऊन आली आणि तिनं तो साहेबांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला.

"आम्हनं तोंड बाईनी देखं. तुम्ही कवय उनात?"

साहेब गावात कधी आलेच नव्हते. ते म्हणाले, "आजी, हे कागदाचं काम आहे."

"मंग कागदवर खरं लिखा ना! सासूनाम्होरे कोन हाव म्हनस? तुम्हनी बायको तुम्हनाम्होरे बठ्ठं सांगस का?"

दारात जमलेल्या नर्सा हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. त्यांना हसं व्हायची भीती वाटली. आठवडाभर मी आणि टायपिस्टनं पहिल्या महिन्याची कार्डं, पुढच्या फेरीत तवा पाहून भरलेल्या कार्डांशी ताडून दुरुस्त केली. माझी चूक माझ्या हातानं खोडली. पहिलं पान नव्यानं टाइप करताना बाईंचं नाव साहेबांच्या वर घातलं आणि साहेबांनी त्यावर सही केली. महिनाअखेर मला कामावरून कमी केलं.

अहवाल छापून आला. त्यात तव्याचा रकाना पूर्ण आहे, बायांचे आकडे खरे आहेत, आणि पहिलं नाव बाईंचं आहे.