क्लेम थर्कलने भरलेल्या दरजा

आमच्या गावचा पाण्याचा मनोरा एकशे चाळीस वर्षांचा. लाल विटांत पिवळ्या विटांचे पट्टे, चर्चला शोभतील अशा उंच कमानी आणि या सगळ्या थाटाच्या डोक्यावर ओतीव लोखंडाची टाकी. क्लेम थर्कल तिथला राखणदार. पंप बंद झाले, नोकरी संपली, बायको आयरिस गेली. हा मात्र पायथ्याच्या खोलीत एकटाच राहिला. टपालवाल्याशी दोन शब्द झाले, तर तेवढंच त्याचं दिवसभराचं बोलणं.

विटांच्या कपच्या रस्त्यावर पडायला लागल्या, तेव्हा नगरपालिकेने मनोरा पाडायचं काढलं. तो वाचवायला मी सह्या गोळा केल्या. शाळा अर्ध्यात सोडली असली तरी मला एवढं कळतं: जुन्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्याने भरलेल्या, त्यांतून ओल बाहेर पडते. इथे कुणीतरी सिमेंट भरलं होतं. ओल विटेत अडकली, थंडीत गोठली आणि विटेचं तोंड फुटलं.

भर सभेत मी नगरपालिकेच्या साहेबांवर तुटून पडले. "तुमच्याच माणसांनी स्वस्तात उरकलंय हे! आता दुरुस्ती करा!"

मागून क्लेम उठला. "ते मी केलंय, पोरी."

"बसा हो खाली!" मी दातओठ खात म्हटलं.

"बहात्तर साली. चार उन्हाळे लागले. कुणी सांगितलं नव्हतं. चुना भुसभुशीत झालेला. म्हटलं, एकदाच पक्कं भरून टाकू."

"घ्या! मनोऱ्याचा खुनी तर तुमच्याच गोटात निघाला, बाई!" कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. साहेबांनी कागद आवरले. पाडायची तारीख ऑक्टोबरची ठरली.

तीन आठवडे मी क्लेमचं तोंड पाहिलं नाही. मग चांगलं झाडायचं ठरवूनच गेले. तो स्टुलावर उभा राहून छिन्नीने सिमेंट कोरत होता. शेजारी चुन्याची बादली. हात पोचेल तिथवरच्या दरजा नव्याने भरून झालेल्या.

"पाडणार आहेत ना हे? मग कशाला?"

"माझ्या हातून झालंय."

"आणि वरचं?"

"शिडी लागेल. ती धरायला आयरिस असायची."

भांडण माझ्या तोंडातच राहिलं. शेडमधून शिडी ओढत आणली, भिंतीला लावली. ऐंशीचा म्हातारा सावकाश वर चढला. मी खाली शिडी धरून उभी राहिले, वर छिन्नी वाजू लागली.

"घट्ट धर," तो वरून म्हणाला. "आणि बोलत राहा काहीतरी. ती बोलायची."