चावलेलाही मीच, मालकही मीच

उमरग्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तांबूस कुत्रं असायचं. समोरच्या मावशी त्याला दोन्ही वेळा भाकरी घालायच्या, थंडीत पोतं अंथरायच्या, आणि कुणी विचारलं की फटकन सांगायच्या, "माझं न्हाय ते. येतं, खातं, जातं." त्याला नाव नव्हतं. त्या नुसतं "ए" म्हणायच्या. त्यांचं आधीचं कुत्रं हायवेवर त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेलेलं. तेव्हापासून जनावराला आपलं म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आपलं म्हटलं की जातं.

मला नकला करायची खोड. एका रविवारी मी गल्लीला कुत्री धरणाऱ्या गाडीवरचा माणूस करून दाखवत होतो. जाळं म्हणून हातात बायकोची जुनी साडी. लोक हसले, म्हणून मी आणखी चढलो. जाळं टाकायला ऐटीत एक पाऊल मागं घेतलं, ते थेट झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर. पुढच्या क्षणी माझी पोटरी त्याच्या तोंडात होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही नाटकाचाच भाग वाटला.

रक्त दिसलं तेव्हा मावशी मूठभर काळं तिखट घेऊन धावत आल्या. "दाबून धरा, दादा. इख उतरतं यानं." आमच्याकडं कुत्रं चावलं की तिखट भरतात. मी चांगला शिकलेला माणूस, तरी मुकाट्यानं पाय पुढं केला. त्यानंतर मी जो नाच केला, तो मला पुन्हा कधी साधला नाही.

दवाखान्यात सिस्टरनं पाय बघितला आणि म्हणाली, "काका, उपचाराला आलात का रस्सा करायला?" मग नळाखाली पंधरा मिनिटं साबण लावून पाय धुतला. "तिखट, हळद, चुना, काही लावायचं नाही. धुवायचं आणि इकडं यायचं." इंजेक्शन दिलं, पुढच्यांच्या तारखा लिहिल्या आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितलं.

लंगडत घरी आलो तर गल्लीत दोघं काठ्या घेऊन उभे. कुत्रं मावशींच्या बाजेखाली, आणि बाजेवर मावशी पाय रोवून बसलेल्या. कुणीतरी नगरपालिकेचा माणूसही बोलावला होता.

"मालक असंल तर त्यानं लिहून द्यायचं आणि दहा दिवस घरी बांधायचं," तो म्हणाला. "नसंल तर कोंडवाड्यात नेतो."

"तिथून माघारी येतंय का?" मावशींनी विचारलं.

माणूस खोटं बोलणारा नव्हता. "मावशी, ती मोकाट ढोरं कोंडायची जागा. कुत्र्याकडं कोण बघणार? टिकलं तर येईल."

सगळ्यांनी मावशींकडं पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मी हात वर केला. "माझं आहे."

"आन् चावलं कुणाला?"

"मला."

"मग तक्रार कुणाची?"

"माझी."

"कुणावर?"

"माझ्यावर."

त्यानं पेनानं डोकं खाजवलं. "दोन्हीकडं सही करा."

कुत्रं आमच्या पडवीत बांधलं. खायचं मात्र मावशींच्याच हातून. सकाळी दारात हाक यायची, "तुमच्या कुत्र्याला भाकरी आणलीय!" सातव्या दिवशी त्यानं भाकरीला तोंडच लावलं नाही. मावशी पाणीही न पिता दुपारभर त्याच्याजवळ बसल्या. मी इंजेक्शनांचं कार्ड तीन वेळा वाचलं. संध्याकाळी बायको हळूच म्हणाली, "मीच सकाळी मटणाची हाडं घातली. किती खाईल बिचारं?" मावशींनी आधी देवाला हात जोडले, मग बायकोला शिव्या घातल्या.

दहाव्या दिवशी नगरपालिकेचा माणूस जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरांनी कुत्रं तपासलं, लस टोचली, "सोडा" म्हणाले. दोरी सुटताच ते गल्ली ओलांडून मावशींच्या पोत्यावर जाऊन पसरलं.

थोड्या वेळानं मावशींनी मला हाक मारली. हातात बाजारातून आणलेला लाल पट्टा होता.

"बांधा, दादा. पट्टा असला की कुणाचं तरी हाय म्हणून कळतं."

"तुम्हीच बांधा की."

"नको." त्यांनी पट्टा माझ्या हातात कोंबला. "तुमच्या नावावर हाय, तुमच्याच नावावर ऱ्हाऊ द्या. सुखरूप ऱ्हाईल. जेवायला तेवढं माझ्याकडं धाडत जावा."

मी खाली बसलो, आधी शेपटी कुठं आहे ते नीट बघितलं, आणि पट्टा बांधला.