बुलबुलबाईंचं बाळंतपण

…तर सिस्टर गॅलरीतून ओरडल्या, "भेटायची वेळ संपली! निघा आता!" आणि समोरच्या तारेवरचा बुलबुल खरोखरच भुर्रकन उडाला, इथवर काल आलो होतो. पण खरी मजा पुढेच आहे. सिस्टरांचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो नेमका त्याच वेळी कामावरून सटकून बायकोला बघायला घरी आला होता. चप्पल काढून बेडरूमच्या दारात पाय टाकतो न टाकतो तोच हे ऐकलं. गडी आल्या पावली मागे फिरला. जिन्यात पोचला, तर गॅलरीतून दुसरा तोफगोळा आला, "नुसतं तोंड दाखवायला येतोस! बायकोसाठी काही खायला आणवत नाही?" बिचारा कोपऱ्यावर गेला आणि डझनभर केळी घेऊनच वर आला.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात उभी हयात काढलेली बाई. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, आणि त्यातली अर्धी त्यांच्या आवाजाला घाबरून वेळेआधी आली, असं लोक म्हणतात. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, जिभेला तर त्याहून नाही. अशात सुनेला दिवस गेले. सिस्टरांना आभाळ ठेंगणं झालं. सून उठली की "एकदम उठू नकोस", बसली की "अशी वाकडी बसू नकोस", शिंकली की "पोटाला हात लावून शिंक गं!"

सून शाळेत गणित शिकवायची. तीही मुकाट ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. एका रविवारी तिने ताटावरच सांगून टाकलं, "आई, आता आणखी एक जरी सल्ला मिळाला, तर मी माझ्या आईकडे जाते. बाळ चालायला लागल्यावर येईन परत."

झालं! जगाच्या नाळा कापल्या आणि स्वतःचं नातवंड बघायचं ते फोटोत? सिस्टरांनी तिथेच, हातातला घास ताटात ठेवून, शब्द दिला. बाळ होईपर्यंत सुनेला एक अक्षर सांगायचं नाही. आणि शब्दाला त्या फार पक्क्या!

पण बोलणं आत साठून माणूस फुटतं की हो. त्या गॅलरीत जाऊन बसायला लागल्या, आणि तिथे त्यांना नवा वॉर्डच सापडला. कुंपणाच्या भिंतीवरून एक मुंगूस साहेबासारखं फेरी मारून जायचं. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत खार यायची. सिस्टर दार लोटून घेऊन तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत असायच्या. काय ते कुणाला कधी ऐकू आलं नाही. आणि गॅलरीतल्या टांगत्या कुंडीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. काड्या, केस, चॉकलेटचा चकचकीत कागद, सगळा संसार त्यात. बुलबुलबाई अंड्यांवर बसल्या आणि सिस्टर ड्यूटीवर रुजू झाल्या.

"सारखी सारखी उठू नकोस गं! कुठे आग लागलीय?"

"नवऱ्यावर विसंबू नकोस. तो शेपटीखालचा लाल रंग मिरवत हिंडतोय."

"चार घास जास्त खा. एवढीशी तर आहेस!"

आता गंमत बघा. सुनेच्या पलंगाची खिडकी उघडायची याच गॅलरीत, मध्ये फक्त पडदा. ती कपाट आवरायला उठली की नेमकं बाहेरून यायचं, "बस खाली मुकाट्याने!" ती दचकून बसायची, मग आपण बसलो म्हणून चिडायची. पाखराचं निमित्त करून मला सुनावतात, अशी तिची खात्रीच पटली. तीही कमी नव्हती. गॅलरीत येऊन भिंतीवरच्या मुंगसाला म्हणाली, "तुझं बरं आहे रे बाबा. कसाही बस, कसाही ऊठ, टोकणारं कुणी नाही!"

सिस्टर खुशीत घरट्याकडे वळून म्हणाल्या, "त्याच्या नादी लागू नकोस, अंडी खातं ते!"

हा टोला आपल्यालाच, असं धरून सून तरातरा आत गेली. बॅग भरली, फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं आणि बॅग हातात घेऊन पुन्हा गॅलरीत उभी राहिली.

"मी निघाले, आई. पक्ष्याच्या आडून बोलणी खाणं पुरे झालं मला."

"तुला?" सिस्टर स्टुलावरून उठल्याच. "तुला कधी बोलले मी?"

"'सारखी उठू नकोस' कुणाला होतं?"

"हिला! अंडी गार पडतात ना!"

"आणि 'नवऱ्यावर विसंबू नकोस'?"

"मग? बघ ना, सकाळपासून पत्ता नाही मेल्याचा!"

एवढ्यात धपकन आवाज झाला. कठड्यावर कावळा. त्याने मान वाकडी करून कुंडीत डोकावलं, बुलबुलबाई चिरकल्या आणि घरट्यातून अर्ध्या उठल्या. सिस्टरांना काही सुचायच्या आत सुनेने भरलेली बॅग गरगर फिरवली आणि तीच बुलबुलबाईंवर ओरडली,

"अगं बस! बस खाली! अजिबात उठायचं नाही! आणि कुठे तडमडलाय हिचा नवरा?"

कावळा पळाला. मग जिन्यातून धापा टाकत आवाज आला, "आलो, आलो! केळी आणू का?"

सुनेला असं हसू फुटलं की ती स्टुलावर बसलीच. सिस्टरांचा हात आपोआप पुढे झाला, तोंड उघडलं… आणि त्यांनी ते दातांवर दात ठेवून मिटलं. हसताना पोटाला हात लावावा, एवढंच सांगायचं होतं. सुनेने ते मिटलेलं तोंड पाहिलं. तिने स्वतःच पोटाला हात लावला, पायाने बॅग स्टुलाखाली सारली आणि विचारलं, "आई, खरं सांगा. एवढे दिवस मला काहीच सांगायचं नव्हतं तुम्हाला?"

"नव्हतं कसं? पण शब्द दिला होता ना तुला! रोज सकाळी त्या खारीला सगळं सांगून ठेवलंय. हवं असेल तर तिला विचार."