पालथी शिंपली आणि सतरा दगड

सदरातल्या सगळ्यांना नमस्कार. तुमचे अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं नियमित वाचतेय... आणि राग मानू नका, पण बहुतेक वेळा वाचून हसतेच. पांढरी साडी, उलटे पाय, रिक्षातून उतरता उतरता गायब झालेली बाई! मी भूगोल शिकवते, नेरुळमधल्या एका शाळेत, तेवीस वर्षं झाली. नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही, असं मी वर्गात सांगते आणि पोरं माना डोलावतात. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय. पण गेल्या मे महिन्यापासून हे एकटीने मनात घेऊन फिरायचा आता कंटाळा आलाय. एकदा लिहून टाकते.

आमच्या शाळेत स्काऊट-गाईडचं पथक आहे. गाईडच्या मुली माझ्याकडे आणि स्काऊटची मुलं भोईर सरांकडे, अशी वाटणी अकरा वर्षं चालली. भोईर सर कार्यानुभवाचे शिक्षक, मूळचे मोरा बंदराजवळच्या एका गावचे. तिथल्याच गावशाळेच्या दोन खोल्या आणि व्हरांडा दर मे महिन्यात सात दिवस कॅम्पसाठी ते मिळवून द्यायचे. कॅम्पमध्येही आमची कामं ठरलेली. याद्या, औषधं आणि पालकांचे फोन माझ्याकडे. दोर, बांबू, समुद्र आणि पोरं त्यांच्याकडे. थोडक्यात, खरं काम ते करायचे आणि दमायची मी.

पाचव्या दिवशी मार्गखुणांचा खेळ असतो. सकाळी आम्ही वाटेवर खुणा करून ठेवायच्या — बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे इकडे नको — आणि दुपारी पोरांनी त्या शोधत शेवटच्या खुणेपर्यंत पोचायचं. शेवटची खूण म्हणजे गोल आणि मधोमध एक ठिपका. खेळ संपला, घरी परत.

हा शेवटचा गोल भोईर सर त्यांच्या पद्धतीने करायचे. जितकी पोरं खेळात, तितके दगड मोजून गोलात मांडायचे. पोचलेल्या प्रत्येकाने एक दगड उचलून खिशात टाकायचा. मागे दगड उरला, तर कोणीतरी वाटेत राहिलंय! हजेरीपट नको, आरडाओरडा नको. आणि मधल्या ठिपक्याच्या जागी दगड न ठेवता एक मोठी शिंपली ठेवायचे, पालथी. पालथी का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "उताणी ठेवली का पोरं तिच्यात गोल्यांचे कागद टाकतान, मॅडम."

दुसरी त्यांची शिकवण भरतीची. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढे वाजता पाणी भरतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी वर्गात चंद्राच्या आकर्षणाच्या आकृत्या काढून जे तीन तासिकांमध्ये शिकवते ते त्यांच्या घरात लहान पोरांनाही तोंडपाठ. "चवथ हाय ना आज? मंग तीनला पानी वर. खेल सकालीच उरकून घ्या." असं त्यांचं चालायचं आणि मी मान हलवून यादीत डोकं घालायची.

गेल्या वर्षी जानेवारीत सरांचा फोन आला. तब्येत बरी नव्हती, रजेवर होते. म्हणाले, "मॅडम, यंदाच्या कॅम्पची वाट दाखवून ठेवतो तुमाला. एक दिवस या." मी म्हटलं, येते सर, दहावीच्या प्रॅक्टिकल्सचं एवढं उरकू दे. मग पूर्वपरीक्षा आली, पेपर तपासणी आली, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. फेब्रुवारीत सर गेले. मी गेले ती थेट त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता तेव्हा.

कॅम्प रद्द करायला हवा होता. पण पालकांना सांगून झालेलं आणि मुख्याध्यापिकांनी नव्याने लागलेल्या पीटीच्या निकम सरांना माझ्या जोडीला दिलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, उत्साही, पण कॅम्पचा अनुभव शून्य. मी निघताना पर्समध्ये एक अर्ज लिहूनच ठेवला होता — प्रकृतीच्या कारणास्तव पथकाच्या जबाबदारीतून मुक्त करावे. परत आल्याबरोबर द्यायचा, विषय संपला.

पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीचा नळ तुटला. दुसऱ्या दिवशी सीवूड्सच्या एका आईने अकरा वेळा फोन केला, कारण मुलाला टॉवरमध्ये एसीत झोपायची सवय. तिसऱ्या दिवशी मधमाशी. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी व्हरांड्यात बसल्या बसल्या झोपले आणि पोरांनी माझ्याशिवाय प्रार्थना म्हटली. माझ्या जबाबदारीवर अठरा पोरं होती आणि माझ्या अंगात एकालाही सांभाळायचं त्राण उरलं नव्हतं.

पाचवा दिवस संकष्टीचा. आम्ही साताऱ्याकडची माणसं, माझ्या माहेरी चतुर्थी कुणी मोडत नाही, त्यामुळे मीही मोडत नाही. सकाळी चहा आणि दोन राजगिऱ्याच्या वड्या खाऊन नऊला मी आणि निकम सर खुणा करायला निघालो. दगड गोळा करायचा कंटाळा आला म्हणून मी मैदानावर रेघा मारायची चुन्याची फक्की पिशवीतून नेली होती. गावातून टेकाडावर, तिथून खडकांमधून खाली वाळूच्या पुळणीवर, मग खडकाचं जे नाक समुद्रात घुसलंय त्याला वळसा घालून पलीकडच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, नाकाभोवती कोरडी वाळू. किती छान रुंद वाट आहे, असं मी निकम सरांना म्हटल्याचं मला आठवतं. टेकाडाच्या कडेवर, उतार सुरू होतो तिथे, मी खाली जाणारा मोठा बाण काढला. देवळाच्या पायरीवर गोल काढला, मधे फक्कीचाच ठिपका. झालं.

उपास चतुर्थीचा, पोटात कावळे ओरडताहेत चतुर्थीमुळे, आणि चाराची पाऊणपट तीन हे मला सुचलं नाही. भूगोलाच्या बाईला. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

दुपारी जेवणानंतर एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. तिला खोलीत झोपवलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. निकम सर मोटारसायकलवर सरबताचा कॅन बांधून रस्त्याने देवळाकडे गेले. दरवर्षी शेवटच्या संघाच्या मागे भोईर सर चालायचे, त्या वर्षी मी चालायचं ठरलं होतं. पण आजारी मुलीला सोडून कसं जाणार... खोटं कशाला बोलू, ती नसती तरी मी बसलेच असते. दोन वाजता शिट्टी वाजवली, सतरा पोरं दोन संघांमध्ये सोडली, आणि भिंतीला पाठ टेकली.

पावणेतीनला सगळी परत.

जायलाच तासभर लागतो. पुढे श्रावणी होती, नववीतली, पहिल्या संघाची नायिका. मला बघून हसत सॅल्यूट केला. माझं डोकंच फिरलं.

"झालं एवढ्यात? देवळापर्यंत जाऊन आलात?"

"देऊळ? टीचर, देऊळ कुठे होतं? टेकडीवरच संपलं ना!"

"काहीही सांगू नकोस. उन्हाचा कंटाळा आला म्हणून अर्ध्यातून परत आलात सगळी."

"शप्पथ टीचर! बाण होता आणि त्याच्या पुढेच सर्कल होतं."

"मी गोल देवळाच्या पायरीवर काढलाय, श्रावणी. स्वतःच्या हाताने! निदान मला तरी फसवू नका."

मी खूप बोलले. स्काऊटच्या वचनावरून बोलले, भोईर सर असते तर त्यांना काय वाटलं असतं हेही बोलले. श्रावणीचे डोळे भरून आले. तिने पॅन्टच्या खिशात हात घातला आणि दगड काढून माझ्यापुढे धरला. काळा, लिंबाएवढा, गुळगुळीत.

"आम्ही सगळ्यांनी घेतलेत. तुम्हीच ठेवले ना, भोईर सरांसारखे? आम्हाला वाटलं, तुम्ही सरांची आठवण म्हणून..."

एकेकाने खिशातून दगड काढले. व्हरांड्याच्या फरशीवर ठेवत गेली पोरं. सतरा.

"मागे एकही उरला नाही," श्रावणी म्हणाली. "मी बघितलं, टीचर."

तेवढ्यात फोन वाजला. निकम सर होते, धापा टाकत.

"मॅडम, पोरं कुठे आहेत? इकडे पाणी पायरीला लागलंय. ते नाक पूर्ण पाण्यात गेलंय, लाटा आपटतायत, वाटच नाही... मॅडम, पोरं खाली उतरली का? मॅडम?"

श्रावणीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "सर, आम्ही कॅम्पवर आहोत सगळे." मग मी भिंत धरून खाली बसले आणि पोरांसमोरच रडले. ज्या पोरांना मी खोटारडी ठरवलं त्यांनीच मला पाणी आणून दिलं... उपास आहे, चालेल ना टीचर, असं विचारून.

निकम सर परतल्यावर मी एकटी टेकाडावर गेले. साडेतीन वाजले असतील, ऊन नुसतं भाजत होतं. माझा फक्कीचा बाण जागच्या जागी होता. त्याच्या पुढे दोन हातांवर मातीत दगडांचे ठसे, गोलात, आणि मधोमध एक पालथी शिंपली. खाली पुळण दिसतच नव्हती. पाणी खडकाला लागलेलं, गढूळ, जोरात. दोनला निघालेली पोरं सव्वादोन-अडीचला वाळूवर उतरली असती आणि नाकाला वळसा घालताना मधेच अडकली असती. पुढेही जाता आलं नसतं, मागेही. मी हे शांतपणे लिहितेय, पण ते चित्र अजून जात नाही डोळ्यांपुढून.

आता तुम्ही म्हणाल तेच निकम सरही म्हणाले. गावातल्या कुणीतरी केलं असेल. मान्य. पण गावातल्या कुणी पोरं धोक्यात बघितली, तर तो शाळेत येऊन मला चार शिव्या घालेल की दगड मोजून गोल मांडेल? बरं, सरांचा एखादा जुना विद्यार्थी असेल, त्याला पद्धत माहीत असेल. तेही मान्य. पण सकाळी खुणा केल्या तेव्हा पोरं अठरा होती. सतरा झाली जेवणानंतर, आणि ते आम्हा वीस जणांव्यतिरिक्त कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गावात दोन दिवस विचारत फिरले. कुणाला काही माहीत नाही. पोरांपैकी कुणी केलं म्हणावं, तर शिट्टी होईपर्यंत सगळी माझ्या डोळ्यांसमोर ताटं घासत होती.

कॅम्प संपला त्या दिवशी पोरांना बसमध्ये बसवून निकम सरांबरोबर पुढे पाठवलं आणि मी भोईर सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, भोईर वहिनी, ओटीवर जवळा निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, माझी चूक न लपवता. मग विचारलं की त्या दुपारी घरातलं कुणी टेकाडाकडे गेलं होतं का.

"एवढ्या उनाचा कोन जातंय, मॅडम? आमी सगली घरानच व्हतो."

मी पर्समधून टेकाडावरून आणलेली ती शिंपली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, पदराने पुसली.

"त्या जानेवारीन तुमची लय वाट बगितली त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "रोज इचाराचे, मॅडमचा फोन आला का. मी म्हनाची, कामान असतील. तं म्हनाचे, वाट दाखवाची रायली हाय त्यांना."

मला मान वर करता येईना. सॉरी म्हटलं, पण ते त्या ओटीवर इतकं फालतू वाटलं. मी निघाले तेव्हा वहिनींनी शिंपली परत माझ्या हातात दिली.

"ठेवा तुमीच. पुढल्या साली लागंल."

इतकंच. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ठेवावा असं मनाला पटतही नाही, आणि दुसरं काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे सरळ उत्तर असेल तर जरूर लिहा, मला खरंच हवंय. सरांनी केलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मग हेही म्हणावं लागेल की ज्यांना भेटायला मला एक दिवस मिळाला नाही, ते माझ्यासाठी आले.

अर्ज दिला नाही. तो अजून पर्समध्येच आहे, शिंपलीच्या कप्प्यात, घडीवर चुना लागलेला. दमणं काही कमी झालेलं नाही. परवा मुख्याध्यापिकांनी यंदाच्या कॅम्पच्या तारखा मागितल्या. मी म्हटलं, मॅडम, आधी तिथी बघते. पाचवा दिवस दशमीचा येतोय. म्हणजे साडेसातला पाणी वर, दुपारी दोनला वाळू कोरडी. पोरं बावीस आहेत. दगड मीच गोळा करणार आहे, आणि शेवटच्या पोराच्या मागे मीच चालणार आहे.