लिओनेलच्या नावाखालची रिकामी जागा

नदीकाठच्या आमच्या गिरणीच्या गावात मूल जन्माला यायचं तेच कॅथलिक आणि डेमोक्रॅट म्हणून. बाप्तिस्म्याला तरी आठवडाभर लागायचा, पक्षाचं काम आधीच उरकलेलं असायचं. पुढे गिरण्या बंद पडल्या, घरात फ्रेंच बोलणारी म्हातारी माणसं एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेली, पण मतं जिथे पडायची तिथेच पडत राहिली. नुसतं गावच नाही, सगळी काउंटी, म्हणजे अख्खा जिल्हा तसाच. अशा ठिकाणी फ्लोरेट पेलेटिए रिपब्लिकन झाली, आणि तीही कुणाच्या शिकवणीने नव्हे, तर एका पाटीपायी.

फ्लोरेट आणि तिचा नवरा जेरार यांचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. जेरारने दारावर पाटी म्हणून लाकडाचा एक मोठा बूट कोरून टांगला. नगरपालिकेचा माणूस आला आणि म्हणाला, बूट नियमापेक्षा वीतभर लांब आहे, उतरवा. मग परवानगी, मग दुसरी परवानगी, मग पहिलीची मुदत संपली म्हणून पुन्हा पहिली. फ्लोरेट आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे गेली. तो तिच्या वडिलांच्या लग्नात व्हायोलिन वाजवलेला माणूस. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "बघू." हिवाळा गेला, उन्हाळा गेला, तो बघतच राहिला. त्या काळात दुकानात येऊन "तुमच्या पाटीचं काय झालं हो?" असं विचारणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे विन्स्लो नावाचा लुकडा दातांचा डॉक्टर, काउंटीतल्या रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष. त्याच्या हातात काही नव्हतं, नगरपालिकेत त्याचं कुत्रंही ऐकत नसे. पण तो विचारायला आला होता. फ्लोरेटने पक्ष बदलला आणि वडिलांनी ईस्टरपर्यंत तिच्याशी अबोला धरला. पोर प्रोटेस्टंट झाली असती तर बरं, असं ते म्हणत.

आमच्याकडे डेमोक्रॅटांची खूण गाढव आणि रिपब्लिकनांची हत्ती. तेव्हा "गाढवांच्या गावात हत्ती घेऊन हिंडणारी बाई" हे नाव तिला पडलं ते कायमचं. तिने ते आनंदाने मिरवलं. टोपीवर हत्तीची पिन लावून ती रविवारी चर्चमध्ये मासला जायची.

तिला पक्षात काम काय होतं? रिकाम्या जागा भरायचं. मतपत्रिकेवर प्रत्येक पदाखाली दोन नावं असावीत, एक त्यांचं, एक आपलं, असा तिचा हट्ट. आपलं नाव पडणारच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी दर निवडणुकीआधी फ्लोरेट माणसं हुडकत फिरायची. न्हावी, निवृत्त बसड्रायव्हर, कोंबड्या पाळणारी एक विधवा, कुणालाही गाठायची आणि म्हणायची, "तुला जिंकायचं नाहीये रे. तुला फक्त उभं राहायचंय." असं आमंत्रण देऊन माणसं मिळवणं म्हणजे वाळूचे कण रगडून तेल काढणं, पण ती काढायची. आणि नुसतं नाव घालून गप्प बसायची नाही. त्या न्हाव्याला, त्या ड्रायव्हरला सोबत घेऊन तिमजली चाळींचे मागचे लाकडी जिने चढायची. समोरच्या दाराने पाहुणे आणि पाद्री येतात, मतं मागच्या दाराने मिळतात, हे तिचं शास्त्र. कुणी तोंडावर दार आपटलं तर ती दाराशीच बोलायची, "बरं, पुन्हा येईन." आणि खरंच पुन्हा जायची. तिसऱ्यांदा गेल्यावर दार उघडायचं, निदान भांडायला तरी. भांडण हे तिच्या लेखी अर्धं मत होतं.

अशा बाईच्या कामात एकच भोक होतं आणि ते सगळ्या काउंटीला दिसत होतं. काउंटीचा कारभार तीन कमिशनर बघत; त्यांतल्या एका पदाखाली कायम एकच नाव असे, लिओनेल बोल्डुक. डेमोक्रॅट, गोरागोमटा, हसरा, आणि फ्लोरेटचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्यासमोर कुणी उभं राहत नव्हतं, कारण उभं करणारी बाईच तिकडे वळत नव्हती.

एका मार्चमध्ये, रस्त्यांवरचा बर्फ चिखल होऊन वाहत असताना, ती पुन्हा न्हाव्याकडे गेली. त्याचं नाव ऑरेल. या वेळी त्याने शाळा मंडळासाठी उभं राहावं, अशी तिची इच्छा होती. ऑरेल गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. मान न वळवता म्हणाला, "फ्लोरेट, दुसऱ्यांच्या अंगणातला कचरा फार झाडलास. आधी आपल्या घरातला कोपरा झाड की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला कळलंय."

गिऱ्हाईक हसलं. फ्लोरेट दुकानाचं दार आपटून घरी निघाली. ऑरेल खरं बोलला होता, याचाच तिला राग आला.

त्या कुटुंबात शनिवारी संध्याकाळी आईकडे जेवण असे. जेरार वारल्यापासून फ्लोरेटला तोच एक आधार होता. आई, म्हणजे मामां आल्फोन्सीन, नव्वदीला टेकलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. मातीच्या भांड्यात काकवी घालून दिवसभर भट्टीत शिजवलेले बीन्स, त्यात खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एकच मोठा तुकडा. तो तुकडा लहानपणापासून लिओनेल आणि फ्लोरेट यांच्यातल्या सगळ्या युद्धांचं मूळ होता. मामांचा नियम एकच, ताटावर राजकारण नाही. नवऱ्याने आणि लेकीने ईस्टरपर्यंत अबोला धरलेला तिने पाहिला होता.

म्हणून फ्लोरेटने लिओनेलला मागच्या गॅलरीत नेलं, जिथे वाळत घातलेले कपडे गोठून ताठ झाले होते.

"लिओ, तुझ्याविरुद्ध मी उभी राहतेय. कागद भरायच्या आधी तुला सांगायचं होतं."

लिओनेल हसला. मग तिचं तोंड बघून थांबला.

"त्या दातवाल्याने सांगितलं?"

"नाही. तो तर म्हणतोय, मतपत्रिकेवर फ्लोरेट बोल्डुक पेलेटिए असं नाव लाव, बोल्डुक बघून अर्धं गाव भावाऐवजी चुकून तुलाच शिक्का मारेल. मी नाही म्हटलं. नुसतं पेलेटिए लावणार. तुझी मतं मला चोरायची नाहीत."

"वा. उपकार झाले." लिओनेलचे कान लाल झाले. "सगळी काउंटी सोडून तुला घरातलाच सापडला का गं? पपांनंतर या घराची लाज कुणी राखली? मी. आणि तू माझ्याच दारात हत्ती बांधणार."

"बांधणार."

तो आत गेला, मामांचा मुका घेतला, कोट उचलला आणि न जेवता निघून गेला. त्या दिवशी मांसाचा तुकडा अख्खा फ्लोरेटच्या वाट्याला आला आणि तो तिने तसाच ताटात ठेवला. पुढच्या आठवड्यापासून लिओनेल शनिवारऐवजी रविवारी यायला लागला. मामां आठवड्यातून दोनदा बीन्स शिजवू लागली.

तो उन्हाळा आणि ती पानगळ फ्लोरेट जिने चढत राहिली. प्रत्येक दारात तिला एकच प्रश्न. "लिओनेलला माहीत आहे का?" "हो, मीच सांगितलं." "आणि तो काय म्हणाला?" "जेवायला यायचा बंद झाला." यावर काही लोक हसायचे, काही बायका डोळ्यांना पदर लावल्यासारखा ॲप्रन लावायच्या, पण दार मात्र कुणी आपटलं नाही. भावाबहिणीच्या भांडणात गावाला राजकारणापेक्षा जास्त रस असतो.

गिरणीच्या मागच्या चाळीत मादाम सिर भेटली. लठ्ठ, गुडघ्यांनी अधू, जिभेने अजिबात नाही. नवऱ्याच्या मृत्युपत्राच्या कामाला तिला काउंटीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्ट वर्षभर बंद पडलेली.

"माझ्या दोन जावयांनी मला खुर्चीसकट उचलून नेलं गं," मादाम सिर म्हणाली. "नवरीसारखं. एक जावई अजून कंबर धरून चालतोय. तुझ्या भावाला मी चर्चच्या पायरीवर गाठून सांगितलं."

"काय म्हणाला?"

"छान बोलला हो. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, बघू."

फ्लोरेट जिन्याच्या पायरीवरच बसली. तिला दारावरचा लाकडी बूट आठवला, खांद्यावरची ती थोपट आठवली. तिचा लिओ वाईट नव्हता, चोर नव्हता. त्याला फक्त वर्षानुवर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेला माणूस हळूहळू त्या नगरसेवकासारखा होतो. आणि विचारायला कुणाला उभं करायचं हे ज्या बाईच्या हातात होतं, ती गप्प बसली होती.

लिओनेललाही आता घराबाहेर पडावं लागत होतं. एकदा दोघं एकाच चाळीच्या मागच्या जिन्यावर समोरासमोर आले, तो उतरताना, ती चढताना. तो धापा टाकत होता.

"मागचा जिना कुणी शिकवला तुला?" फ्लोरेटने विचारलं.

"समोरून कुणी दार उघडत नाही," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून तिला वाट दिली.

निवडणुकीआधीच्या शनिवारी चर्चच्या तळघरात गावजेवण असतं. उमेदवारांनी ॲप्रन बांधून वाढायचं आणि मग प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, अशी रीत. लिओनेल बीन्स वाढत होता, फ्लोरेट कोबीची कोशिंबीर. पहिल्याच रांगेत मामां बसली होती. रीतीने पाहिलं तर ताटं अजून समोर होती आणि तिच्या नियमात हे बसत नव्हतं.

फ्लोरेटचं नाव पुकारलं तेव्हा तिचे हात कोबीने ओले होते. ते पुसत ती उभी राहिली. लिफ्टची गोष्ट सांगितली तर लिओनेल आता रविवारीही येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न सांगितली तर ती इतके महिने जिने कशाला चढली, याला उत्तर नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. मामांने चमचा खाली ठेवला होता आणि ती ऐकत होती.

"माझा भाऊ चांगला माणूस आहे," फ्लोरेट म्हणाली. "काउंटीच्या इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद आहे. मादाम सिरला जावयांनी खुर्चीतून वर नेलं. तिने माझ्या भावाला सांगितलं, आणि तो 'बघू' म्हणाला. बघू म्हणायची सवय त्याला आपण लावली, सगळ्यात जास्त मी लावली. त्याच्या नावाखाली जागा रिकामी असायची ना, मग तो कशाला बघेल? म्हणून मी तिथे माझं नाव घातलंय. मला मत द्यायचं तर द्या. नाहीतर त्याला द्या, पण देताना लिफ्टचं विचारा."

मादाम सिर खुर्चीतून मोठ्याने म्हणाली, "खरं आहे ते." लिओनेल वाढायचा पळा हातात घेऊन उभा होता. त्याची दोन मिनिटं आली तेव्हा तो पळा भांड्यात ठेवून बाहेर निघून गेला. फ्लोरेट घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून रडली, कोट न काढता.

सोमवारी सकाळी लिओनेल स्वतःच्या गाडीत मादाम सिरला घालून काउंटीच्या इमारतीत गेला. लिफ्ट बंदच होती. त्याने म्हातारीला खाली बसवलं, वर जाऊन बाकीच्या दोन कमिशनरांना खाली आणलं आणि म्हणाला, "आता हिला तुम्ही उचला, मग बैठक सुरू करू." लिफ्टचा माणूस त्याच आठवड्यात आला, असं मादाम सिर अजून सगळ्यांना सांगते.

मंगळवारी मतं पडली आणि फ्लोरेट पडली, पडायचीच होती. विन्स्लोला आता ऐकायला फार कमी यायचं, म्हणून तो फोनवर ओरडून सांगत होता की इतकी मतं आपल्याला या गावात त्याच्या हयातीत मिळाली नव्हती. फ्लोरेट हो हो म्हणत होती. तिचं लक्ष शनिवारकडे होतं.

शनिवारी ती मामांकडे गेली तर टेबलावर तीन ताटं होती. मग मागच्या जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला.

लिओनेलने टोपी खुंटीला लावली, मामांचा मुका घेतला आणि आपल्या जागेवर बसला. भांडं उघडून त्याने सगळ्यांना वाढलं. थोडं खाऊन झाल्यावर म्हणाला, "फ्लो, चार वर्षांनी माझ्यासमोर कुणाला उभं करणार आहेस?"

मामांने चमच्याने टेबलावर टकटक केली. "ताटावर राजकारण नाही."

"हे राजकारण नाही, मामां. घरातली गोष्ट आहे." त्याने भांड्यातून तो मांसाचा तुकडा शोधून काढला आणि फ्लोरेटच्या ताटात ठेवला. "दुसरं कुणी शोधू नकोस."

फ्लोरेटने आधी तो तुकडा खाल्ला, मग हो म्हणाली.