दिसतं ते सांगणारा

पेंटरने दुकान बंद केलं तेव्हा त्याच्या बायकोने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि थोड्याच दिवसांत तो परत आत घेतला.

जन्मभर त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग फ्लेक्सचे बोर्ड आले, आणि जी थोडी गिऱ्हाइकं टिकून होती त्यांच्यासाठी हात टिकला नाही. बोटांना कंप सुटला. सरळ रेघ ओढायला जावं तर ती ओढ्यासारखी वळायची. तो घरी बसला, पण त्याची नजर काही घरी बसेना. दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून त्याचं सुरू असायचं, "समोरच्या भिंतीवरचं ऊन बघितलंस का? मघाशी मधासारखं होतं, आता गंजासारखं झालं."

"अहो, मलाही देवाने डोळे दिलेत," बायको शेंगा सोलता सोलता म्हणायची. एकदा मात्र तिच्या संयमाचा पेला भरला. "ज्यांना नाहीत त्यांना जाऊन सांगा की! माझं डोकं कशाला खाताय?"

ती वैतागून बोलली. त्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो बाहेर पडला.

दृष्टी गेलेल्या लोकांसाठी काम करणारी एक संस्था जुन्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. एक लांबलचक खोली, मधोमध लांबलचक टेबल, आणि सगळ्या खुर्च्या टेबलाखाली सारलेल्या, कुणाला ठेच लागू नये म्हणून. दाराशी खरखरीत काथ्या अंथरलेला, पायाला दार कळावं म्हणून. घड्याळसुद्धा मुद्दाम जोरात टिकटिकणारं. ते खिडकीच्या भिंतीवर होतं, त्यामुळे खिडकी कुठे ते कानांना कळायचं. पेंटर त्या खोलीत शिरला आणि त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत पाऊल टाकलंय. सगळं जागच्या जागी, आणि सगळं हळू.

स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय करता येतं तुम्हाला?"

"बघता येतं."

बाईंचा पेन थांबला. "ते इथल्या सगळ्याच स्वयंसेवकांना येतं."

बाई तुसड्या नव्हत्या, पण त्यांचे हात पोळलेले होते. मागे एका उत्साही माणसाने भलं करायच्या नादात एका म्हाताऱ्या अंध गृहस्थांचं अख्खं स्वयंपाकघर नव्याने लावून दिलं होतं. बिचारे कितीतरी दिवस चहात मीठ घालत होते. "तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं," बाई म्हणाल्या. "काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही."

आधी त्याला वर्तमानपत्र वाचायला बसवलं. पहिल्याच मथळ्यावर गाडी अडली. "हा 'क' कुणी काढलाय हो? पोट सुटलंय त्याचं. आणि हा 'ळ' बघा, नुसता लोळतोय." ऐकणारे हसले, पण बातमी राहिली बाजूला. मग बाईंनी त्याला सोबतीचं काम दिलं, म्हणजे कुणाला दवाखान्यात, कुणाला बँकेत नेऊन आणायचं. असं त्याच्याकडे सिस्टरना सोपवलं.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. नजर हळूहळू पातळ होत गेली आणि मग एकदम विझली, असं त्या स्वतःच सांगायच्या, दुसऱ्या कुणाचा केसपेपर वाचावा तशा. पाठ ताठ, बोलणं मोजकं. पेंटरच्या कोपराला हलकेच हात लावून त्या चालू लागल्या. चौक ओलांडला आणि पेंटर थबकला.

"का थांबलात? गाडी आली?"

"नाही, माफ करा. एक पाटी बघत होतो. कुलपांच्या दुकानाची."

"काय आहे तिच्यात?"

त्याने सांगितलं. जुन्या पिवळ्या रंगावर कुणीतरी निळा दिलाय, पण पिवळा काही हार मानत नाहीये, अक्षरांच्या कडांमधून डोकावतोय. खाली दुकानदार स्टुलावर बसल्या बसल्या झोपलाय. त्याच्या मागे शेकडो किल्ल्या टांगल्यात, वाऱ्याने हलतायत आणि त्यांचे कवडसे त्याच्या टकलावरून मासळीच्या थव्यासारखे पोहतायत.

सिस्टरनी दवाखान्याच्या दिशेने पाऊल उचललं. दवाखान्यातून परत आल्यावर मात्र त्यांनी बाईंच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, "वाट दाखवायला मला काठी पुरते. हे गृहस्थ मला बघायला हवेत."

"बघायला? असं काम आपल्याकडे नाहीये, सिस्टर."

"मग काढा."

बाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी असं ठरलं की समितीची बैठक होईपर्यंत हे चालू दे. तोवर हे काम नेमकं काय आहे, ते दोघांनी मिळून बाईंना सांगायचं.

ते दिवस पेंटरला तरंगत गेल्यासारखे आठवतात. दुपार कलली की दोघं निघायची. पुलाच्या कठड्याशी उभं राहून तो पाण्याचे रंग सांगायचा. घाटावर वाळत घातलेल्या चादरींमध्ये वारा कसा शिरतो आणि चादरींना कशी माणसांसारखी पोटं सुटतात ते सांगायचा. सिस्टर मध्येच टोकायच्या. "'खूप' निळं म्हणजे किती? डॉक्टरांना 'खूप ताप' सांगून चालतं का?" मग तो शब्द शोधायचा. शाईच्या दौतीतलं निळं की धुतलेल्या गणवेशातलं निळं? शब्द सापडला की त्याचा हात क्षणभर कापायचा थांबायचा. घरी आल्यावर तो इतका शांत असायचा की बायकोने एकदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

एक दिवस सिस्टर म्हणाल्या, "आज नदीकडच्या गल्लीत जाऊ. लग्न झाल्यावर आम्ही तिथे राहायचो. वरच्या मजल्यावर, हिरवी गॅलरी होती. तिथे उभी राहून मी यांची वाट बघायचे. बघू, अजून तशीच आहे का."

गल्लीच्या टोकाला दोघं पोचली. घर नव्हतं. तिथे पत्रे ठोकले होते आणि पत्र्यांमागे मोकळं आकाश होतं.

पेंटरने सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली होती, अगदी नेमकी तेवढीच, जेवढी वरच्या मजल्याच्या गॅलरीकडे बघायला करावी लागते. चेहऱ्यावरची ती मोजकी, करडी रेघ कुठल्या कुठे गेली होती. वीस-बावीस वर्षांची कुणीतरी तिथे उभी होती.

"आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," पेंटर म्हणाला.

एकदा तोंडातून निघालं आणि मग जीभ थांबेना. हिरवा रंग थोडा विटलाय. वेल चढलाय कठड्यावर. कुणीतरी पिवळी चादर वाळत घातलीये. एक मांजर दोन गजांमधून पाय खाली सोडून बसलंय. त्याला ते सगळं खरोखर दिसत होतं, हीच तर गंमत. सिस्टर ऐकत होत्या आणि हसत होत्या, आणि परतीच्या वाटेवर त्या कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होत्या.

घरी येऊन त्याने बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली. "हे काही बरं नाही केलंत."

"अगं, किती खूश झाल्या त्या!"

"उद्या कळलं म्हणजे?"

"कोण सांगणार?"

कुणी सांगायची गरजच पडली नाही. सिस्टरना त्या गॅलरीने झोपू दिलं नाही. आता तिथे राहणाऱ्यांना विनंती करून घटकाभर तिथे उभं राहावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्या काठी घेऊन एकट्याच गेल्या. दार चाचपायला हात पुढे केला तो पत्र्यावर आपटला. पत्रा गडगडला. आतून रखवालदार ओरडला, "बाई, इथे कुठे येताय? घर पाडून जमाना झाला!"

त्या तिथून थेट संस्थेत आल्या. पेंटर खिडकीपाशी होता. काथ्यावर त्यांचं पाऊल वाजलं आणि त्याने हसून वळून पाहिलं, आणि त्याचं हसू तिथेच वाळलं.

"मी आंधळी आहे," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "लहान मूल नाही. तुम्ही म्हणालात किल्ल्या, मी किल्ल्या बघितल्या. तुम्ही म्हणालात नदी, मी नदी बघितली. आता मला सांगा, यातलं काय काय होतं?"

पेंटर खुर्ची टेबलाखाली सारून जिना उतरला.

मग तो गेलाच नाही. खिडकीशी बसायचा, पण उन्हाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बायकोला आधी बरं वाटलं, मग ती शांतता तिला खायला उठली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने 'कुलपं' लिहा म्हटलं, तर तुम्ही कधी 'चपला' लिहिलंत?"

"एकदा लिहिलं होतं. चुकून."

"मग काय केलंत?"

"काय करणार? घासून काढलं आणि परत लिहिलं."

"मग उठा," बायको म्हणाली.

तो आधी सिस्टरकडे गेला नाही. तो गल्लीत गेला. रखवालदाराला विनवून पत्र्याच्या आत शिरला आणि अख्खी सकाळ तिथल्या दगडावर बसून राहिला. फक्त बघत. दुपारी त्याने सिस्टरच्या दाराची कडी वाजवली.

"मी पेंटर. चुकलो. तिथे काय आहे ते सांगायला आलोय."

मग दार उघडलं. सिस्टरनी त्याला बसा म्हटलं नाही. "सांगा," म्हणाल्या.

"एक मोठा खड्डा आहे. तळाशी पाणी साचलंय, चहाच्या रंगाचं. त्यात ढग दिसतात. काठावर मोडक्या विटा आणि एक बिनदांडीचं घमेलं. हिरवी गॅलरी नाही. वेल नाही. मांजर नव्हतंच." तो थांबला. "पण शेजारची भिंत आहे. दोन्ही घरांना सामाईक होती ती. घर गेलं, पण भिंतीवर खोल्यांचे रंग राहिलेत. वही उघडावी तसे चौकोन दिसतात. खालचा चौकोन गुलाबी, धुराने काळवंडलेला. मध्ये तिरकी दातेरी रेघ चढत जाते, तो जिना. आणि वर, नदीच्या बाजूला, एक चौकोन आहे. त्याला वरून पांढरा दिलेला. तो पोपडा होऊन सुटलाय आणि खालून आकाशी निघालाय. कोपऱ्यात, त्या खोलीत उभ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, त्या आकाशी रंगात कुणाचा तरी पंजा उमटलाय. रंग ओला असताना कुणी टेकलं असणार."

सिस्टर दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"डावा की उजवा?"

"डावा. करंगळी जरा बाहेर झुकलेली."

त्यांनी आपला डावा हात वर केला आणि उजव्या हाताची बोटं करंगळीवरून फिरवली. लहानपणी दारात सापडून ती वाकडी झाली होती. "रंग आम्हीच दिला होता," त्या म्हणाल्या. "पगार झाला की रंगारी लावू असं हे म्हणत होते. मला धीर नव्हता. आम्ही दोघांनी रविवारी दिला. मी शिडीवरून घसरले आणि भिंतीला टेकले. हे इतके हसले, इतके हसले." मग दारातून बाजूला होत म्हणाल्या, "आत या. चहा टाकते. साखर कुठे आहे ते मला ठाऊक आहे, तुम्ही उठू नका."

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी तिघं त्या लांब टेबलाशी बसली. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "कामाचं नाव?"

"दृष्टिसाहाय्यक," बाईंनीच सुचवलं.

"कंबरेच्या पट्ट्याचं नाव वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "सांगणारा, असं लिहा. दिसतं ते सांगणारा."

"आणि काय करायचं?"

"विचारलं की सांगायचं. जे आहे ते. कुरूप असेल तर कुरूप. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं."

"काय करायचं नाही?"

या वेळी पेंटर बोलला. "ऐकणाऱ्याचा चेहरा बघून चित्र बदलायचं नाही."

बाईंनी ते लिहिलं आणि खाली रेघ मारली. पण सिस्टरचं बोट अजून टेबलावर होतं. "आणखी एक घाला. कधी ऐकणाऱ्यालाच मनातलं ऐकायचं असेल, तर सांगणाऱ्याने आधी म्हणायचं, 'आता हे माझं.' मग खुशाल मांजर बसवावं."

"समिती हे मान्य करेल?" बाईंनी डोकं खाजवलं.

समितीने बरीच काथ्याकूट केली. एकाने विचारलं, याचा उपयोग काय? तेव्हा बाईंनी आजवर कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी त्या सभासदाला डोळे मिटायला सांगितले आणि पेंटरला म्हणाल्या, "ही खोली सांगा यांना." पेंटरने सांगितली. सभासद बराच वेळ डोळे उघडेना. काम मंजूर झालं. फक्त 'मांजर' हा शब्द वगळावा असं इतिवृत्तात आलं.

पुढे आणखी दोन-तीन जण त्या कामाला लागले. एक निवृत्त टपालवाली आहे, तिला माणसांच्या चाली छान सांगता येतात. एक जण फार भराभर सांगतो, त्याला सिस्टर 'हळू' म्हणून दटावतात. पेंटरचा हात आता आणखी कापतो. चहाचा कप बायको अर्धाच भरते.

परवा सकाळी तो आणि सिस्टर पुलावर गेली तेव्हा दाट धुकं होतं. नदी नव्हती, घाट नव्हता, कठडासुद्धा हात लावल्यावरच सापडला.

"काय आहे?" सिस्टरनी विचारलं.

"दिसत नाही," पेंटर म्हणाला. "सगळं पांढरं. पांढरंसुद्धा म्हणता येणार नाही, दुधात पाणी जास्त झाल्यासारखं."

"मग आता तुमचं सांगता?"

त्याने थोडा विचार केला. "नको. थांबू जरा."

दोघं थांबली. खालून वल्ह्याचा आवाज आला, मग गेला. कुठेतरी कुणीतरी खोकलं. बऱ्याच वेळाने पेंटर हळूच म्हणाला, "एक काठी दिसतेय. पाण्यात उभी. नाही, काठी नाही. बगळा आहे. मान आखडून घेतलीये. आता त्याच्या मागे होडीचं टोक येतंय, नुसतं टोक, बाकीची होडी अजून झालेली नाही..."

सिस्टरनी कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि मान थोडी पुढे केली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "होऊ दे तिला."