गळ्यातल्या तीन दोऱ्या

रांझीला जाणाऱ्या बसमध्ये ते रोज दिसायचे. तिथल्या फॅक्टरीत कामाला, पन्नाशीचे. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात तीन दोऱ्या: एकीला गेटपास, दुसरीला चष्मा, तिसरीला घराची किल्ली. दर दोन मिनिटांनी ते तिन्ही चाचपत. मागे बसलेले त्यांचेच सोबती ओरडत, "भैया, डोकं पण बांधून घ्या!" हसू मलाही यायचं.

एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणीला मी सांगत होते, की डॉक्टरांनी आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला एडीएचडी आहे म्हटलं, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा त्रास. ती म्हणाली, "काहून घाबरून राहिली? मोठी झाली की आपोआप जातं."

समोरच्या सीटवरून ते गर्रकन वळले. "कोणाचं जातं? जात असेल काहींचं. माझ्या आईलाही सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव मला पन्नाशीत सांगितलं. माझं उड्या मारणं थांबलं, दीदी, विसरणं नाही थांबलं. तेव्हा मास्तर मारत होते, आता साहेब चार्जशीट देतात."

बोलण्याच्या भरात त्यांचा स्टॉप मागे गेला. सोबती सगळे उतरून गेले होते. रोज त्यांची टिंगल करायला जे विसरायचे नाहीत, त्यांतल्या एकानंही हाक मारली नाही! माझं डोकं तापलं.

पुढच्या स्टॉपवर ते उतरले आणि तिन्ही दोऱ्या मुठीत धरून मागे फॅक्टरीच्या गेटाच्या दिशेनं पळत सुटले.

मैत्रीण खिडकीतून बघत हसली. "एवढा मोठा झाला, तरी अक्कल आली नाही."

मी तिच्या शेजारून उठले आणि उरलेला रस्ता उभ्यानं गेले.